अर्ध्या मापाचा दोर

आमच्या कारध्यात परसराम रामटेकेला लोक आजही 'कोळशावाले साहेब' म्हणतात. साहेब तो कधीच नव्हता. सरकारी कोळसा कंपनीच्या एका खाणीत तो इलेक्ट्रिशियन म्हणून लागला आणि फोरमन होऊन निवृत्त झाला. पण पॅन्टीत शर्ट खोचलेला, खिशाला पेन लावलेला आणि महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणारा माणूस दिसला की त्याला साहेब करून टाकायचं, ही आमच्या गावाची रीत आहे. मला मात्र कोणी साहेब म्हटलं नाही. मी नदीपलीकडे भंडाऱ्यात एका सरकारी खात्यात तीस वर्षं कारकुनी केली. खात्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या काही लोकांशी माझं अजून बोलणं आहे.

परसराम माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे त्याच्या घरात काय शिजतं ते आम्हाला वासावरून कळतं. माणूस कमालीचा चिकित्सक. सुट्टीला घरी आला की गावातले बिघडलेले पंखे, मोटारी, मिक्सर त्याच्या ओसरीवर जमा व्हायचे. पैसे घ्यायचा नाही, पण पंखा दुरुस्त झाला की लगेच परतही द्यायचा नाही. अर्धा तास तो चालू ठेवून स्वतः खाली बसायचा. मी चिडवायचो, "आता त्याले झोपवून मगच उठशील काय?" तो म्हणायचा की नुसता फिरला म्हणजे चालला असं होत नाही, गरम होतो की नाही ते पाहावं लागतं. असा हा माणूस. म्हणूनच पुढचं सगळं मला सांगायला जड जातं.

रविवारच्या सुट्टीला गावी आला की विहारात वंदना तोच घ्यायचा. खणखणीत आवाज, एकही शब्द गिळायचा नाही. २०११च्या उन्हाळ्यात त्यानं ते काम एकाएकी सोडलं. घसा बसतो म्हणाला. मग मागच्या रांगेत बसून बाकीच्यांबरोबर म्हणू लागला. मी शेजारीच बसायचो, म्हणून माझ्या लक्षात आलं की चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्याचे ओठ हलत नाहीत. गावानं याचा अर्थ असा लावला की परसराम साहेब किती नम्र, तरुणांना पुढं करतात. त्याला त्यासाठी शालही दिली. ती घेताना त्याचा चेहरा असा झाला होता, जसा काही कोणी त्याला चोरी करताना धरलं आहे. मला तेव्हाच कारण ठाऊक होतं. मी टाळ्या वाजवल्या.

ती खाण नागपूर जिल्ह्यात. खरं नाव लिहीत नाही. तिथले लोक तिला 'पाच नंबर' म्हणत. जमिनीखालची खाण. तोंडापासून आत जाणारा एक लांबलचक उतार, सव्वा किलोमीटरचा. मजुरांनी तो पायी उतरायचा, आत आणखी तेवढंच चालायचं, आठ तास काम करायचं आणि मग तोच उतार चढून वर यायचं. वर आल्यावर तरणीताठी माणसंही पाच मिनिटं कोणाशी बोलायची नाहीत.

त्यातलाच एक टिकाराम निनावे. भंडारा शहरातला, विणकरांच्या घरातला. बापाचा माग बंद पडला आणि हा कोळशात गेला. परसराम आणि तो एकाच आठवड्यात नोकरीला लागले, तीन वर्षं एकाच क्वार्टरमध्ये राहिले, एकाच स्टोव्हवर आळीपाळीनं भात लावला. पुढं परसरामचं काम बहुतेक वरच, वीजघरात. टिकारामचं खाली, छताला टेकू लावणाऱ्या टोळीत. लग्नं झाली, वेगळी क्वार्टर्स मिळाली, तरी संध्याकाळचं बसणं एकाच ओट्यावर राहिलं. चाळिशी उलटली तसे टिकारामचे गुडघे सुजायला लागले. त्यानंच पुढाकार घेऊन सह्या गोळा केल्या आणि अर्ज दिला की आम्हाला उतारावर ने-आण करायची काहीतरी सोय करा.

आणि सोय मंजूर झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण सरकार काही करतच नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. खाणी सरकारच्या झाल्या तेव्हापासून त्यात सरकारचा पैसा ओतला जातो. यंत्रं येतात, मोटारी येतात, नव्या खाणी खोदल्या जातात. २०१०-११ साली पाच नंबरच्या वाट्याला माणसं वाहून नेणारा खुर्च्यांचा पाळणा आला. वर लोखंडी दोर फिरत राहणार, त्याला खुर्च्या लटकलेल्या, मजुरानं बसायचं आणि आपोआप खाली जायचं. पैसा चांगल्या मनानं निघाला होता. पण सरकारी भांडवलाला एकतीस मार्च नावाचा जुना आजार आहे. त्या तारखेच्या आत खर्च झाला नाही तर पैसा परत जातो, आणि पुढच्या वर्षी वरून विचारतात, गेल्या वर्षीचा खर्चता आला नाही, आता कशाला मागता? बिल निघायला एक दाखला लागतो: यंत्र बसवलं, चाचणी झाली, चालू आहे. त्याच्यावर त्या कामाच्या फोरमनची सही, आणि परसराम तेव्हा फोरमन झाला होता.

मोटार आली, खांब आले, खुर्च्या आल्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोराचं रीळ आलं. परसरामनं सवयीप्रमाणे रिळावरचं माप वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. ज्या कोणी मागणी लिहिली होती त्यानं उताराची लांबी मोजली होती, तेवढाच दोर मागवला होता. पण असा दोर गोल फिरतो. जितका खाली जातो तितकाच वर यावा लागतो. म्हणजे दोर आला होता नेमका अर्धा.

परसराम धावत इंजिनिअरकडे गेला. इंजिनिअरनं कपाळाला हात लावला आणि त्याला मॅनेजरकडे नेलं. मॅनेजर शांत माणूस होता. म्हणाला, उरलेला दोर एप्रिलमध्ये मागवू, आत्ता दाखला द्या. नाही दिला तर सगळाच पैसा परत जाईल आणि तुमचे लोक जन्मभर पायी चालतील, ते तुमच्यामुळे. हे ऐकल्यावर कोणाची छाती होणार?

तीस मार्चला दुपारी त्याचा मला फोन आला. माझ्याही टेबलावर तेव्हा मार्चचेच कागद होते. सगळं सांगून त्यानं विचारलं, "अश्वजित, तू कागदातला माणूस हायेस. करू का सही?" मी फार विचार केला नाही, हे कबूल करतो. म्हणालो, "करून टाक ना बा. मार्चमधे सगळेच करतात. एप्रिलमधे काम होऊन जाते, कोण पाहून राहिलं?" हे वाक्य मी नोकरीत शंभर जणांना सांगितलं असेल. त्यांची कामं एप्रिलमध्ये झाली की नाही, हे मी कधी जाऊन बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. होता तेवढा दोर उताराच्या तोंडाशी ताणून बांधला होता आणि त्याला सहा खुर्च्या लटकवल्या होत्या. पहिल्या खुर्चीत मॅनेजर बसले, गळ्यात हार. मोटार तर जोडलेलीच नव्हती. मग चार मजुरांनी मागून हळूहळू ढकलत ती खुर्ची वीसेक फूट पुढं नेली, फोटो निघाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढकलणाऱ्या चौघांत टिकाराम होता. तो खुशीत होता. अर्ज त्याचाच होता ना. त्याला सांगितलं होतं की मोटार आठवड्याभरात जोडतील. परसराम बाजूला उभा राहून ते बघत होता. दुपारी त्यानं दाखल्यावर सही केली.

एप्रिलमध्ये उरलेल्या दोराची मागणी गेली. वरच्या ऑफिसातून उत्तर आलं की दाखल्याप्रमाणे यंत्र पूर्ण असून चालू आहे, तरी चालू यंत्राला आणखी एवढाच दोर कशासाठी हवा, याचा खुलासा करावा. खुलासा करायचा म्हणजे दाखला खोटा होता असं लिहायचं. ते कोण लिहिणार? मागणी बारगळली. मॅनेजरची बदली झाली, इंजिनिअरही गेला. परसराम राहिला, आणि त्याच्यासमोर वीजघरातली वही राहिली. खाणीतल्या प्रत्येक यंत्राची रोजची नोंद त्या वहीत करायची असते. दाखल्यात यंत्र चालू होतं, तेव्हा वहीतही ते चालू असणं भाग होतं. एक एप्रिलपासून त्यानं लिहायला सुरुवात केली. पंप, चालू. पंखा, चालू. खुर्च्यांचा पाळणा, चालू. खाली सही. बाहेरून कोणी तपासणीला आलं की त्या दिवसापुरती 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागायची आणि दुसऱ्या दिवशी वहीत पाळणा पुन्हा सुरू. अशी सहा वर्षं गेली. दिवसभर वहीत हे लिहायचं आणि संध्याकाळी ओट्यावर टिकाराम गुडघ्याला तेल चोळताना वरच्या लोकांना शिव्या देई, त्या ऐकून घ्यायच्या. टिकारामला वाटायचं, हे सगळं कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातले लोक करतात. परसरामनं त्याला तसं वाटू दिलं.

२०१७ साली पावसाळा संपताना टिकाराम पहिल्या पाळीहून वर येत होता. उतारावर पाणी झिरपत होतं. तो घसरला, बराच खाली गेला. गुडघ्याची वाटी फुटली आणि खुब्याला मार बसला. चौकशी बसली. चौकशीवाल्यांनी मजुरांना विचारलं नाही, वही विचारली. त्या दिवशीच्या नोंदीत पाळणा चालू होता. परसरामला बोलावलं. त्याला दोनच प्रश्न विचारले, असं त्यानं मला सांगितलं. ही सही तुमची काय? हो. म्हणजे त्या दिवशी सोय उपलब्ध होती? हो. दोन मिनिटांत तो बाहेर आला. निकाल लागला की सोय उपलब्ध असताना कामगार स्वतःच्या मर्जीनं पायी चालत होता, सबब अपघात त्याच्याच हलगर्जीपणानं झाला. टिकारामला कामास अयोग्य ठरवून घरी पाठवलं, आणि फाइलवर शेवटचा शब्द हलगर्जीपणा.

बत्तीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या डोक्यावरचं छत सांभाळलं, त्याला हा शब्द किती लागला असेल! पायापेक्षा तेच जास्त दुखतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

परसराम निवृत्त होऊन कारध्याला आला तेव्हापासून दर आठवड्याला पूल ओलांडून टिकारामकडे जायचा. त्यांच्या घराची सगळी वायरिंग त्यानं नवी करून दिली. कूलर बसवला, संडासात धरायला लोखंडी दांडी ठोकली. टिकारामची बायको शोभाताई सगळ्यांना सांगायच्या की सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं भाऊजी करतात. तिथून परतला की परसराम त्या दिवशी घरी जेवायचा नाही. एकदा त्यानं मला सगळं सांगितलं, पाळण्याचं, वहीचं, चौकशीचं, आणि वर म्हणाला की त्या घरात मला देवासारखं बसवतात, मला लाज वाटते. मला त्याचा राग आला. लाज वाटते तर तोंड उघड, असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "जाऊ दे, जुनी गोष्ट झाली." हा माझा दुसरा सल्ला.

गेल्या वर्षी जानेवारीत एका रविवारी सकाळी कीर्ती त्याच्याकडे आली. कीर्ती म्हणजे टिकारामची मुलगी. भंडाऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते, कागदांना घाबरत नाही. तिनं माहितीच्या अधिकारात बापाच्या चौकशीची फाइल काढली होती, त्यात जबाब देणाऱ्यांची नावं झाकलेली होती. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. तिनं कागद चटईवर पसरले आणि वहीच्या पानाची प्रत पुढं सरकवली.

"काका, हे पाहा. बाबा पडले त्या दिवशी कोणीतरी पाळणा चालू म्हणून लिहून ठेवलं आहे. रोजच लिहिलं आहे. तुम्ही तिथं फोरमन होते ना? हा माणूस कोण होता?"

सही इंग्रजीत होती, घाईची, वाचता न येणारी. परसरामनं कागद हातात घेतला. त्याची बायको रत्नमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला नवऱ्याची सही ओळखता येते. परसराम म्हणाला, माझा चष्मा सापडत नाही, कागद ठेवून जा, नीट पाहून सांगतो. चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता. कीर्तीनं ते पाहिलं नाही असं समजायला मला आवडेल. ती कागद ठेवून गेली.

आठ दिवस ते कागद त्याच्या कपाटात होते. त्या आठ दिवसांत तो टिकारामकडे गेला नाही आणि माझ्याशीही धड बोलला नाही. नवव्या दिवशी रत्नमालावहिनी मागच्या दारानं माझ्याकडे आल्या. म्हणाल्या की पेन्शन थांबली तर थांबू दे, पण हा माणूस ताटासमोर बसून रडतो, ते मला बघवत नाही. मी गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण तो कपडे करून बसला होता. म्हणाला, "चाल माह्यासंग. एकट्यानं जाणं होऊन नाही राहिलं."

टिकाराम पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, पाय स्टुलावर ठेवून. शोभाताईंनी चहा आणून ठेवला. कीर्ती दुकानात जायच्या तयारीत होती, आम्हाला बघून थांबली. परसरामनं चहाला हात लावला नाही.

"टिकाराम, त्या कागदावरची सही माही हाये."

"कोणत्या कागदावरची?"

"सगळ्याच. पह्यला दाखला मीच देला. रोजची वहीबी मीच लिहीत होतो."

 टिकारामनं अगदी हळू विचारलं, "अन् माह्या चौकशीत?"

"तिथंबी मीच हो म्हणलो."

शोभाताई पुढं झाल्या आणि परसरामच्या समोरचा भरलेला कप उचलून आत घेऊन गेल्या. माझा कप तसाच ठेवला. तेव्हा मला वाटलं, आत्ता सांगावं की सही कर असं मीच म्हणालो होतो. मी तोंड उघडलं नाही. माझा चहा मी संपवलाही. हे मी इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

टिकाराम म्हणाला, "सहा वर्स तू वर बसून लिहीत होता, मी खाली चालून राहिलो होतो. अन् संध्याकाळी आपण एका ओट्यावर बसत होतो. तुले एका दिवशीबी सांगावं नाही वाटलं?"

 कीर्तीनं विचारलं, काका, हे लिहून द्याल? तो म्हणाला, देतो. एवढंच बोलणं झालं.

जबाबाचा मसुदा मी केला, कारण असली भाषा मला येते. मी लिहिलं होतं, 'तत्कालीन परिस्थितीत सदर नोंदी नजरचुकीने झाल्या.' त्यानं पेन काढून तो शब्द खोडला. म्हणाला, "नजरचुकीनं नाही. पाहून-सवरून झाल्या, असं लिही." मी सांगून पाहिलं की अशानं तूच अडकशील. त्यानं ऐकलं नाही. रिळाचं माप, वीस फूट ढकललेली खुर्ची, मोटार न जोडता दिलेला दाखला, सहा वर्षांच्या नोंदी, चौकशीतले दोन हो, सगळं त्यानं लिहायला लावलं. खाली या वेळी मराठीत पूर्ण नाव लिहिलं, वाचता येईल असं. पुढच्या रविवारी विहारात मी त्याच्या शेजारी बसलो होतो. चौथ्या शीलाला त्याचा आवाज आला, बारीक, पण आला. मला वाटलं, सुटला बिचारा. मी लवकर सुटका करून घेणाऱ्यांपैकी आहे.

कीर्तीनं तो जबाब जोडून चौकशी पुन्हा उघडायचा अर्ज कंपनीकडे पाठवला होता, त्याचं उत्तर यायला चार महिने लागले. कीर्तीचा फोन आला आणि आम्ही दोघं पुन्हा पूल ओलांडून गेलो. टिकाराम त्याच खुर्चीवर. आम्हाला पाणी मिळालं, चहा कोणी विचारला नाही. कीर्तीनं पत्र वाचून दाखवलं. पहिला परिच्छेद नुसता क्रमांक आणि संदर्भांचा. मग असं होतं की, श्री. रामटेके यांनी चौकशीत एक विधान केले होते व आता ते त्याच्या विरुद्ध विधान करीत आहेत. आपण अनेक वर्षे खोट्या सह्या केल्याचे ते स्वतःच कबूल करतात. अशा व्यक्तीचा जबाब विश्वासार्ह धरता येत नाही. सबब मूळ निकाल कायम ठेवण्यात येत आहे.

कीर्तीनं पत्र खाली ठेवलं. मी कारकुनासारखा बोलू लागलो, अपील करता येतं, वरच्या साहेबांकडे जाता येतं, नागपूरला एक वकील माझ्या ओळखीचा आहे. कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"बरोबर लिहिलं त्यायनं," परसराम म्हणाला.

टिकाराम म्हणाला, "तवा खरं बोलला असता, तर तुह्यं आयकलं असतं. तवा तुह्या सहीवर सगळ्यायचा भरोसा होता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर परसरामला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. 

थोड्या वेळानं टिकारामला आत जायचं होतं. त्यानं स्टुलावरचा पाय खाली घेतला आणि उठायला लागला. परसराम पटकन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला. टिकारामनं त्या हाताकडे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला वळून त्यानं दाराची चौकट धरली, एक पाय ओढत, दोनदा थांबत, स्वतःचा स्वतः उठला आणि आत गेला.